बदाम कोणी दाबला

आमच्या घाटंजी-पांढरकवड्याकडचे फोटोग्राफर एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतात, पण वेबसाइटचं काही अडलं की माझ्याकडे येतात. "वहिनी, तुमी कोणती घेतली? स्वस्तवाली काहून नाई घेतली?" मी म्हणते, बसा, चहा घ्या, एका वाक्यात नाही सांगता येत. त्यातले निम्मे चहा पिऊन निघून जातात, कारण त्यांना फक्त नाव पाहिजे असतं. नाव सांगून काय होतं? काहून घेतली हे कळलं तर माणूस आपली आपण निवडू शकतो, असं माझं मत आहे. माझी मतं पुष्कळ आहेत. आमचे हे म्हणतात, हिच्या रागाची आणि मतांची रेंज कधी जात नाही.

हे म्हणजे माझे मिस्टर. व्हिडिओ ते काढतात, फोटो मी काढते. स्टुडिओ घाटंजीत, बाजाराच्या रस्त्याला. सुरुवातीला बाई फोटो काढते म्हटल्यावर लोक हसायचे, कॅमेरा पेलवेल का म्हणून विचारायचे. आता मुद्दाम मला बोलावतात. बायांच्या खोलीत मी बिनधास्त जाते, आणि हळदीत माझ्यासमोर बाया पदर खोचून नाचतात. पुरुष कॅमेरावाला असला की त्याच बाया ओळीनं उभ्या राहतात आणि रेशनकार्डावरच्या फोटोसारखं तोंड करतात.

आमच्या धंद्यात लग्नानंतरचा मोठा कार्यक्रम म्हणजे सिलेक्शन. लग्नाचे फोटो ढिगानं निघतात, त्यातले अल्बमात कोणते घ्यायचे ते निवडायला घरची माणसं स्टुडिओत येतात. माणसं म्हणजे पुरुष. तेही लगेच नाही. उन्हाळ्यात लग्न झालं की "पेरणी होऊ द्या", पेरणी झाली की "डवरणी होऊ द्या", आणि मग एखाद्या बाजाराच्या दिवशी काका, मामा, फुफाजी असे भाजीच्या पिशव्या घेऊन येतात आणि कॉम्प्युटरसमोर खुर्च्या ओढून बसतात. हा ठेवा, हा काढा. पुढारी येऊन गेला तो फोटो ठेवा. त्याच्याच बाजूचाही ठेवा, त्यात मी आहो. नवरीच्या आईचा एखादा येतो, तोही लेक पाया पडतानाचा, म्हणजे डोक्यावरचा पदर तेवढा दिसतो. नवरी तोपर्यंत सासरी गेलेली असते. अल्बम तिचा, आणि तिला कोणी विचारत नाही. मला याचा राग यायचा, पण गिऱ्हाइकाला काय बोलता, मी आपली मुकाट्यानं क्लिक करत बसायची.

मागच्या उन्हाळ्यात पांढरकवड्याच्या रस्त्यानं आत एका गावात लग्न होतं. कापूस-तुरीचं वावर असलेलं, खाऊन-पिऊन सुखी घर. मुलीचे वडील ती लहान असताना गेलेले. काकानं तिला आणि तिच्या आईला सांभाळलं, मुलीला नर्सिंग शिकवलं, लग्नही त्यांनीच करून दिलं. एकाच अंगणात सगळे राहतात.

हळदीच्या दिवशी अंगणात पाट मांडला होता. सवाष्णी एकेक करून हळद लावत होत्या. मुलीची आई दाराच्या आत उभी होती. विधवेनं नवरीला हळद लावायची नाही, असं तिला कोणी म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती, ती आपणहून उंबऱ्याच्या आत थांबली होती. आम्ही बौद्ध. आमच्या लग्नात पांढरं नेसून वंदना घेतात, आणि आई विधवा असली तरी पुढच्या रांगेत बसते. मला असं दारामागं उभं राहणं पाहवत नाही. आमच्यातल्याही काही जुन्या बाया हळदीच्या वाटीपाशी अजून चाचरतात, हेही खरं आहे, उगाच फुशारकी कशाला मारू.

तर, ती पोरगी पाटावरून उठली. हळदीनं ठिबकत आत गेली आणि आईचं मनगट धरून तिला बाहेर घेऊन आली. आई नको वो, नको वो करत होती. पोरीनं वाटी तिच्यासमोर धरली आणि एवढंच म्हणाली, "लाव." सगळ्या बाया चूप झाल्या. डफडं वाजवणाराही थांबला. आईनं दोन बोटं वाटीत बुडवली आणि लेकीच्या गालाला लावली, तेव्हा मी फोटो काढला. आईचं तोंड रडायला निघालं होतं आणि मधेच हसू आलं होतं. पोरीनं डोळे मिटले होते. मागच्या बायांचे चेहरे मला तेव्हा दिसले नाहीत, मी आईवरच फोकस धरून होते. मग काकू म्हणाली, "वाजव न बावा, थांबला कायले," आणि पुन्हा गलका सुरू झाला. पुरुष मंडळी तेव्हा मागं चुलीकडे होती, त्यांच्यातल्या कोणी हे पाहिलं नाही, असं मी समजत होते.

लग्न झालं, मुलगी नागपूरला गेली. तिथल्या दवाखान्यात ती नोकरीला आहे, जावईही तिथलेच. थोड्या दिवसांनी तिचा फोन आला.

"ताई, तो फोटो आला का?"

"कोणता" असं मी विचारलं नाही. "आला. असा आला का तू पाहत राहशीन," म्हटलं.

"अल्बमात येईन?"

"सिलेक्शन तुझे काकाजी करणार. तू सांग न त्याइले. तुझं नाई मोडणार ते."

"तेच तर नाई करायचं मले." ती म्हणाली. "ताई, आईनं त्या दिवसापासून मनाले लावून घेतलं. तिले वाटते, तिचा हात लागला, आता माह्या संसाराले काही होईन. रोज फोनवर विचारते, तुह्या घरी सगळं बरं आहे न, जावयाची तब्येत बरी आहे न. मले साधी सर्दी झाली तरी तिले वाटते का तिच्यामुळं झाली. म्या सांगून काकाजीनं तो फोटो टाकला, तर तो म्या टाकलेला होईन. घरच्याइनं आपल्या मनानं घेतला, तवाच तिच्या मनातलं जाईन. तुमीबी कोणाले काही सांगू नका."

सिलेक्शनला एकटे काकाजी येणार हे आम्हा दोघींनाही माहीत होतं, आणि एकटा पुरुषमाणूस असा फोटो पाहून काय करतो हेही मी पाहिलेलं आहे. पटकन पुढं जातो, जसा काही चुकून दुसऱ्याच्या घरात शिरला. पोरगी म्हणाली, "असं काही नसते का ताई, का सगळे आपापल्या घरून पाहतीन? काकूबी, आईबी, मीबी?"

"असते न," मी ठोकून दिलं. "करून राह्यली मी ते."

मी काहीच करून राहिले नव्हते. माझ्याकडे एक व्हिजिटिंग कार्ड होतं आणि त्यावर ईमेल होता, बस. फोन ठेवल्यावर यांनी विचारलं, काय करून राह्यली तू? मी म्हटलं, वेबसाइट. हे बराच वेळ हसले.

दुसऱ्या दिवसापासून मी मागं लागले. पहिली पाहिली ती परदेशी. देखणी इतकी की काय सांगू. उघडली की बर्फाच्या डोंगरावर पांढऱ्या झग्यातली नवरी उभी. आमच्याकडे मे महिन्यात नवरीचा मेकअप हनुवटीवरून गळत असतो. त्यांना पैसे डॉलरात पाहिजेत, आणि आमच्या बँकेचं कार्ड त्यांना चालेना. ती सोडली. दुसऱ्यावाल्याचा फोनवरचा माणूस हिंदीत इतका गोड बोलायचा की मला संशयच आला. त्यांचं म्हणणं, मॅडम, हमारा सिस्टम चेहरा पहचानता है, पाहुण्यानं आपला एक फोटो दाखवला की त्याचे सगळे फोटो त्याला आपोआप निघून येतात. मी हळदीचे फोटो टाकून पाहिले. हळद फासलेल्या सगळ्या बाया त्यानं एकच बाई धरल्या. सासू, सून, शेजारीण, सगळ्या एका डब्यात. हे म्हणाले, घे, एकोपा वाढते.

तिसऱ्याला आधी ॲप घ्यावं लागायचं. आमच्याकडच्या बायांचे फोन सुप्रभाताच्या फुलांनी इतके भरलेले असतात की त्यात ॲप कुठून बसणार. आणि मला कुलूप पाहिजे होतं. पिन टाकल्याशिवाय गॅलरी उघडली नाही पाहिजे. त्या बाया माझ्या भरवशावर पदर खोचून नाचतात, त्यांचा नाच उद्या कुठल्या अनोळखी माणसानं चहा पीत पाहावा, हे मला चालणार नव्हतं. आधी मी भाव विचारायची, नंतर नंतर कुलूपच आधी विचारायला लागले.

शेवटी दोन उरल्या. एक स्वस्त आणि हलकी. माझा जुना फोन घेऊन आम्ही मोटारसायकलवर गावाबाहेर गेलो, जिथं रेंजची एकच काडी राहते, तिथंही ती उघडली. पिन होता. प्रत्येक फोटोवर पत्त्यातल्यासारखा पांढरा बदाम होता, बदाम दाबला की लाल व्हायचा आणि तो फोटो निवडलेल्यांच्या यादीत जायचा. ट्रायल फुकट. फक्त बदाम दाबायच्या आधी एकदा ईमेल टाकावा लागायचा. दुसरी थोडी महाग, तिच्यात ईमेल नाही, पाहणाऱ्यानं नुसतं आपलं नाव टाकायचं. मी म्हटलं, ईमेल काय आजकाल सगळ्यांकडे असतो, आणि स्वस्त घेतली.

माझं पहिलं पान मी मराठीतच ठेवलं. लग्न, हळद, डोहाळजेवण, बारसं. बाई फोटोग्राफर. घाटंजी. हे म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, मग काय कादंबरी लिहू? पान तयार झालं तेव्हा मी ते दिवसातून कितीदा उघडून पाहायची, याची मलाच लाज वाटायची. आपलं नाव, आपलं गाव, आणि जगात कुठूनही दिसतं. खूप बरं वाटलं होतं.

काकाजींना लिंक पाठवली, पिन सांगितला. म्हटलं, यायची गरज नाही, घरूनच निवडा, सगळ्यांनी मिळून निवडा, आवडला त्याचा बदाम दाबा. काकाजी खूश. "बरं झालं बाई, बाजाराचा दिवस मोकळा झाला." मुलीला नागपूरला वेगळी पाठवली. आणि मी वाट पाहत बसले. पेरणी झाली, डवरणी झाली. दिवाळीला जावई पहिल्यांदा सणाला येणार, तेव्हा अल्बम घरात पाहिजे होता, म्हणून पोळा झाल्यावर मी म्हटलं, आता यादी पाहते.

यादी पाहिली आणि माझं डोकं फिरलं. तो फोटो नव्हता. दुसऱ्यांदा पाहिलं, नव्हता. नुसता तोच नाही, हार घालतानाचा नवरा-नवरीचा इतका छान फोटो, तोही नाही. पाठवणीचा नाही. काकाजींनी लेकीला कुशीत घेतलं तो नाही. आणि होतं काय? पंगतीत पापड खाणारा एक मामा होता. कोणाचा तरी अर्धा खांदा होता. मांडवाच्या खांबापाशी झोपलेलं कुत्रं होतं. यादीवर माझ्याच स्टुडिओचा ईमेल दिसत होता, पण मी समजले, स्वस्तवाली आहे, असंच दिसत असेल.

त्याच दिवशी पोरीचा फोन. तिला बहुतेक अंदाज असावा. "ताई, घरच्याइच्या यादीत आहे का तो?"

खोटं बोलायचं माझ्या जिभेवर आलं होतं. नाही बोलले. "नाई," म्हटलं.

मग म्हणाली, "राहू द्या ताई. त्याइच्या मनात नसन तर नका टाकू." आणि इतक्या शांतपणे म्हणाली की मला रडू आलं. मी यांना म्हटलं, गाडी काढा.

"कुठी जायचं?"

"त्या काकाजीले विचारायचं हाय, कुत्रं चालते आन् पोरीची माय नाई चालत का."

"पोरगी कोणाले सांगू नको म्हणे न?"

"मी सांगत नाई, विचारून राह्यली."

रस्ताभर मी बोलत होते आणि हे गाडी चालवत होते. बाहेर कपाशीच्या पऱ्हाटीला पात्या-फुलं लागली होती, दोन्हीकडं हिरवंगार होतं, पण मी काही पाहिलं नाही. मनात वाक्यं जुळवत होते. गिऱ्हाईक गेलं तर गेलं, असं ठरवूनच निघाले होते.

घरी सगळे होते. काकाजी ओसरीवर सुतळी वळत बसले होते. काकूनं पाणी आणलं. मुलीची आई आतून डोकावली, मला पाहून हसली आणि चहा ठेवायला गेली. तिला पाहिल्यावर माझी जुळवलेली सगळी वाक्यं विसरून गेली. सरळच विचारलं.

"काकाजी, हळदीचा तो फोटो तुमी काहून नाई घेतला?"

"कोणता?"

"वहिनी हळद लावून राह्यल्या तो."

काकाजींचे हात थांबले. त्यांनी आधी आतल्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घेतला न," हळू आवाजात म्हणाले. "तोच तर सगळ्यात पहिले घेतला म्या."

"तुमी घेतला?" काकू एकदम म्हणाली. "म्या घेतला तो. तुमाले सांगतलं नाई, म्हटलं, तुमी काय म्हणसान."

"म्या तुले नाई सांगतलं. म्हटलं, बायाइच्या मनात काय असन कोणाले मालूम."

नवरा-बायको एकमेकांकडे पाहत राहिले. मी दोघांकडे पाहत होते. एवढी वर्षं एका घरात राहून दोघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवून केली होती. पण मग यादीत का नाही? मी म्हटलं, दाखवा मला. काकाजी म्हणाले, इथी नाई दिसत, टाकीखाली चाला. त्या गावात रेंज फक्त शाळेजवळच्या पाण्याच्या टाकीखाली येते. फोनवर बोलायचं असलं की सगळं गाव तिथंच उभं राहतं.

मग आम्ही सगळे टाकीकडे निघालो. पुढं काकाजी, मागं काकू, मग आम्ही दोघं. काकूनं जाता जाता मुलीच्या आईलाही हाक मारली, "चाला जाऊबाई," आणि ती पदराला हात पुसत, काय झालं ते न कळता, सगळ्यांच्या मागून आली. दिवस कलला होता. टाकीखाली ओल होती, आम्ही कडेच्या कट्ट्यावर बसलो.

काकाजींनी आपल्या फोनवर गॅलरी उघडली. तो फोटो. बदाम पांढरा. "म्या दाबला होता," ते म्हणाले आणि परत दाबला. लाल झाला. "पाहा." इतक्यात काकूनं आपल्या फोनवर तोच उघडला होता. "माह्यावर तर आधीच लाल दिसून राह्यला," ती म्हणाली. "पण आज म्या कुठी दाबला अजून? थांबा, दाबते." तिनं दाबला. पांढरा झाला. काकाजींच्या फोनवर पाहिलं, थोडं थांबून तिथंही पांढरा झाला.

हे पहिल्यांदा बोलले. "काकाजी, बदामाच्या आधी ईमेल विचारला असन न? काय टाकला?"

"आमच्यापाशी कुठी ईमेल राह्यते बावा? बाईच्या कार्डावर होता न छापलेला, तो टाकला."

"आन् काकू तुमी?"

"मीबी तोच. माह्या भावानं, वैनीनं, पोरीच्या आत्यानं, सगळ्याइनं तोच टाकला. दुसरा कुठून आनाव?"

मी कपाळाला हात लावला. सगळं खानदान एकाच ईमेलवर, म्हणजे मशीनच्या लेखी सगळे मिळून एकच माणूस. एकानं दाबला की लाल, दुसऱ्यानं दाबला की पांढरा. जो फोटो सगळ्यांना आवडला, त्याचा बदाम सगळ्यांनी मिळून दाबून दाबून पुसला. हाराचा पुसला, पाठवणीचा पुसला. पापड खाणारा मामा राहिला, कारण तो फक्त त्या मामालाच आवडला होता. कुत्र्याचं मला अजून कळलं नाही. मी हसायला लागले, इतकी हसले की काकू घाबरली. हसता हसता मला रडूही येत होतं, कारण मी या माणसांशी भांडायला आले होते.

आणि त्याच दिवशी मी ठरवलं, ती महागवाली घ्यायची, नुसतं नाव विचारणारी, ज्याचा बदाम त्याच्या नावावर. अजून तीच वापरते. आता यवतमाळच्या पोरींची लग्नं बाहेरगावी झाली तरी मला बोलावतात, पान पाहून बोलावतात. पण ते नंतरचं.

तेव्हा टाकीखाली, मुलीची आई सगळ्यांच्या मागं उभी होती. तिनं काकूच्या खांद्यावरून फोटो पाहिला. तो तिनं आजपर्यंत पाहिलाच नव्हता. बायांनी दाखवला नव्हता आणि तिनं मागितला नव्हता.

"हा कायले घेता?" ती म्हणाली. "जावयाच्या घरचे लोक पाहतीन. बरं नाई दिसत."

हातातला फोन काकाजींनी दोनदा पुसला. मग तिच्याकडे न पाहता, टाकीच्या खांबाकडे पाहत म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी म्या चुलीकडून पाह्यलं होतं. तिचा बाप असता, तर त्यानंच तुमाले हात धरून आनलं असतं. मले नाई जमलं. मी दीर, मी कसा आनू? पोरीनं आनलं, लय चांगलं केलं. तिले हळद तुमी नाई लावसान तर कोण लावन?"

"काही झालं तर?" ती म्हणाली. हे एवढंच तिच्या पोटात होतं इतके दिवस.

"काय होणार हाय?" काकू म्हणाली. "पोरगी सुखात हाय. सगळ्याइनं दाबला तो बदाम, तुमाले नाई दिसत का? माह्या वैनीनं दाबला, आत्यानं दाबला, मले कानात सांगतलं दोघीइनं. सगळे मनात ठेवून बसले होते."

मुलीची आई थोडी पुढं आली. फोटोकडे खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, "सगळ्याइनं दाबला, मंग मलेबी दाबू द्या न."

तोपर्यंत आमच्या यांनी आपल्या फोनवर दाबून बदाम लाल करून ठेवला होता, यादीत गेला की नाही ते तपासायला. तिनं बोट पुढं केलं आणि आम्ही सगळे एकदमच म्हणालो, "नका दाबू." तिनं झटकन हात मागं घेतला, जसा ती आयुष्यभर घेत आली होती. मला फार वाईट वाटलं. मी समजवायला तोंड उघडलं, वहिनी, तसं नाही, आता दाबला तर तो जाईल, पण काकाजींनी मला हातानं थांबवलं. त्यांनी काकूचा फोन घेऊन स्वतः बदाम दाबून पांढरा केला. फोन तिच्या हातात दिला. आणि म्हणाले, "आता दाबा वहिनी. सगळ्याइच्या बदल्यात तुमीच दाबा."

तिनं बोट पदराला पुसलं. दाबलं. बदाम लाल झाला.

काकूनं मोठा करून पाहायला फोन मागितला, तर तिनं तो छातीशी धरला.

"आता कोणी हात नका लावू," ती म्हणाली.

कोणीच लावला नाही.